विलायत ठरली तो हिवाळा

माघ अर्धा सरला की आमच्या बागेत मोठ्यानं बोलवत नाही. मोसंबी फुललेली असते. फूल दिसायला अगदी साधं, करंगळीच्या पेराएवढं, पांढरं. पण सकाळी दार उघडावं तर त्याचा वास उंबऱ्याशी येऊन उभा. दिवसभर मधमाश्यांची घूं घूं चाललेली. दुपारी वारा पडला की तो वास जमिनीलगत साचून राहतो, आणि त्यातून चालताना कमरेएवढ्या पाण्यातून चालल्यासारखं वाटतं.

यंदा या वासात माझी नात अंगणातल्या बाजेवर परदेशातल्या विद्यापीठांची गुळगुळीत कागदाची पुस्तकं पसरून बसली आहे. तिला पैशाचं शास्त्र शिकायचं आहे. फायनान्स हा शब्द ती भाजी-भाकरी म्हणावं इतक्या सहज म्हणते. एक पुस्तक उचलते, दुसरं ठेवते, पेन्सिल चावते आणि मध्येच विचारते, थंडी जास्त कुठं असेल गं आजी? तिला जिथं जायचं तिथं ती जाणार आहे. कुठं जायचं एवढंच तिचं तिला ठरवता येईना. अशी अडचण वाट्याला येणं ही केवढी चैन असते, हे तिला सांगावं असं मनात येतं. मोसंबी फुललेली असताना कुणाला उपदेश करू नये.

मन मात्र मागं जातं. याच शिवारात, बावडा गावाच्या अलीकडं नीरेच्या अंगाला, अशीच एक बाज होती. तिच्यावर अशीच पुस्तकं पसरलेली असायची. त्यांचे कागद करडे, खरखरीत होते आणि त्यांवर रंगीत चित्रं नव्हती. ती वाचणारे माझे यजमान होते. मी सोळा-सतरा वर्षांची, लग्न होऊन सहा-आठ महिने झालेली. आणि तो हिवाळा फुलांचा नव्हता, ताणाचा होता.

मोसंबीला फूल आणायचं तर आधी तिला तहानेनं जीव नकोसा करावा लागतो. मार्गशीर्षात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या टाकायच्या. पानं मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग गळतात. झाडाला वाटलं पाहिजे की आपण आता मरतो. मग पौषाच्या शेवटी खत घालून मुळ्या झाकायच्या आणि पाणी सोडायचं. की फांदी न् फांदी फुलून येते. माहेरी बारामतीत मी हे कधी पाहिलं नव्हतं. सासरी आले आणि पहिल्याच हिवाळ्यात बघितलं, की हाताशी भरलेली विहीर असताना माणसं मुद्दाम झाडं वाळवताहेत. मला ते फार दुष्टपणाचं वाटलं होतं.

माझे वडील, आप्पा, यांची बारामतीत गुळाची अडत होती. शेतकरी ढेपा घेऊन यायचे, आप्पा त्या मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांना विकून द्यायचे. त्या वर्षांत जगभर मंदी आली होती. ती कुठून आली, कशी आली, हे कुणालाच कळत नव्हतं. ऊस तोच, कढई तीच, गूळही पहिल्यासारखाच पिवळाधमक. पण भाव असा कोसळला की शेतकरी ढेपेकडं बघत बसून राहायचे आणि मग आप्पांकडं बघायचे. आप्पा म्हणायचे, माझ्या हातात काय हाय? मुंबईहून तार येते. मुंबईच्या व्यापाऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, माझ्या हातात काय, लंडनची तार येते. आप्पांच्या मनानं हे घेतलं. जेवताना हात थांबवून ते म्हणायचे, "भाव हितं पिकतच न्हाय. तो तिकडं पिकतो. आपलं एक मानूस तिकडं जाऊन बघून आलं पायजे."

ते माणूस त्यांनी शोधून काढलं. आमच्याच जातीतला, इंदापूर तालुक्यातल्या एका बागाईतदाराचा मुलगा, वारावर जेवून मुंबईत बी. कॉम. झालेला, वरच्या वर्गात आलेला. रघुनाथ त्याचं नाव. आप्पांनी त्याच्या वडिलांपुढं गोष्ट ठेवली: मुलगी देतो आणि मुलाला विलायतेला पाठवतो. तो मी म्हणेन तिथं शिकेल, परत आल्यावर मुंबईत मोठ्या बँकेत बसेल. तो तिकडं असेपर्यंत मुलगी माझ्या घरी, बारामतीला राहील. सुपारी फुटली तेव्हा हे चार माणसांत बोलून झालं. मी आत शेवया वळत होते. मला नंतर आईनं सांगितलं, आणि सांगताना ती इतकी आनंदात होती की मीही आनंदातच असणार असं तिनं गृहीत धरलं.

खरं सांगायचं तर मी होतेही. नवरा विलायतेला जाणार म्हणून मैत्रिणी माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या होत्या. ते बघणं मला आवडत होतं.

आमचे हे उंच, किडकिडीत. हसताना तोंड मिटून नाकातून हसायचे. दोन नद्यांच्या मधल्या गावात वाढून यांना पोहता येत नव्हतं, आणि ते बोटीची गोष्ट निघाली की गप्प व्हायचे. हातात पुस्तक असलं की मात्र यांचा चेहराच बदलायचा. बावड्याच्या टपालातून जाड पाकिटं आली की हे ती बाजेवर उघडायचे, आणि मी ज्वारी निवडण्याच्या निमित्तानं जवळ बसायची. मी मराठी सात यत्ता शिकले होते. हे मला वाचून दाखवायचे: अमुक ठिकाणी चलनाचं शास्त्र चांगलं शिकवतात, तमुक ठिकाणी जर्मन भाषा यावी लागते, आणखी कुठं दोन वर्षं बँकेत उमेदवारी केल्याशिवाय घेत नाहीत. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण एक माणूस आपल्याला जगाची एकेक खिडकी उघडून दाखवतो आहे, एवढं कळायचं.

गावातली माणसं येता-जाता थांबायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, काय शिकणार रं विलायतंत? पैशाचा व्यवहार, असं हे म्हणाले. म्हातारा बराच वेळ विचार करून म्हणाला, "त्याला येवढ्या लांब कशाला? सावकारी हितंच चांगली शिकिवत्यात की." सगळे हसले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. ते मुळ्या उकरत होते ते उकरतच राहिले.

मामंजी आपल्या मुलाच्या विलायतेबद्दल कधीच काही बोलत नसत. बोलण्याचा हक्क आपण सुपारीच्या दिवशी देऊन टाकला, असं त्यांनी मानलं असावं. माझ्याशी तर ते बोलायचेच नाहीत. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची तेव्हा आमच्यात रीतच नव्हती. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी मामंजी म्हणायचे, "तिला म्हनावं, वासराला पानी दाखीव." आणि आत्याबाई ते मला परत सांगायच्या.

आप्पा मात्र दर आठवड्याला बारामतीहून मोटारीनं यायचे. पांढरा पटका, हातात माझ्यासाठी पेढ्याचा पुडा. आल्या आल्या विचारायचे, काय रघुनाथराव, लंडनचं कुठवर आलं? बाजेवर एवढी पुस्तकं असली तरी आप्पांच्या लेखी विद्यापीठ एकच होतं. बाकीची नावं त्यांना ऐकायचीसुद्धा नव्हती. हे म्हणायचे, बघतोय. आप्पा म्हणायचे, बघायचं काय त्यात, लंडन म्हंजे लंडन. मग ते बागेत एक फेरी मारायचे, सुकलेल्या झाडांकडं पाहून हळहळायचे, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी होते. ते मला कधी टाकून बोलले नव्हते. अशा माणसाविरुद्ध मनातल्या मनातही काही बोलणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्यालाच माहीत.

पौषात आत्याबाई आम्हा दोघांना बैलगाडीतून नरसिंहपूरला घेऊन गेल्या. बोट सुखरूप जाऊन सुखरूप यावी म्हणून नरसिंहाला नवस बोलायचा होता. देवळात त्यांचा वेळ गेला. आम्ही दोघं खाली घाटावर, भीमा आणि नीरा जिथं मिळतात तिथं बसलो. पाणी थंडीनं आखडून पात्राच्या मधोमध गेलं होतं. वाळूत कुणाच्या तरी वेलवाड्या, काकडीचे वेल. हे पाण्यात खडे टाकत होते.

मी विचारलं, बँक म्हणजे नक्की काय असतं? यांनी फार सोपं करून सांगितलं. ज्याच्याकडं पैसा पडून आहे त्याच्याकडून घ्यायचा, ज्याला हवा त्याला द्यायचा, आणि दोघांच्या मध्ये विश्वासानं बसायचं.

"आणि नेणारा परत आलाच नाही तर?"

"म्हणून त्याचं काहीतरी ठेवून घेतात," हे म्हणाले. "जमीन, दागिना. जे सोडून तो पळून जाणार नाही असं काहीही. त्याला तारण म्हणतात."

मी म्हणाले, "म्हणजे मी."

मी काही विचार करून बोलले नव्हते. शब्द समोर आला आणि माझ्या अंगाला बरोबर बसला, जसं शिवून आणलेलं पोलकं बसावं. यांचा खडा टाकायला उचललेला हात तसाच राहिला. समोर भीमेचं गढूळ आणि नीरेचं निवळ पाणी काही अंतर शेजारी शेजारी जात होतं आणि मग ओळखू येईनासं होत होतं. वरून आत्याबाईंनी हाक मारली, प्रसाद घ्या म्हणून.

परत येताना गाडीत हे एकदाच बोलले. आत्याबाई पेंगत होत्या. हे हळूच म्हणाले, मला हे दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी यांनी पुस्तकांच्या ढिगाच्या तळातून एक पातळ पुस्तक काढलं. इंग्लंडच्या उत्तरेला एक गिरणगाव होतं, धुरानं काळवंडलेलं, कापडाच्या गिरण्यांचं. तिथल्या विद्यापीठात व्यापार आणि बँकेचं शिक्षण संध्याकाळच्या वर्गांत मिळायचं. दिवसा एखाद्या पेढीवर कारकुनी करून माणूस शिकू शकत होता. हे पुस्तक यांनी आधीच मागवलं होतं, वाचलं होतं, आणि आप्पांना ते चालणार नाही म्हणून तळाशी ठेवून दिलं होतं. तिथं गेलं तर आप्पांचे पैसे लागणार नव्हते. फक्त बोटीच्या भाड्याची आणि सुरुवातीच्या महिन्यांची सोय हवी होती.

संध्याकाळी हे बागेत मामंजींकडं गेले. मी विहिरीवर होते, तिथून ऐकू येत होतं. यांनी सगळं सांगितलं, माझं बोलणंही सांगितलं. मामंजींनी कुदळ खाली ठेवली. त्या वेळी पुण्याचे बागवान माघात यायचे आणि फुलावर आलेली बाग बघून पुढचं सगळं फळ उक्तं विकत घ्यायचे. मामंजी झाडांकडं बघत म्हणाले, "भाडं फुलावर निगंल. तितं गेल्यावर तुझं तू बगशील?"

"बघीन."

"मग झालं."

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते एखाद्या लग्नघरासारखे. कुणी काही उघड बोलत नव्हतं, पण आत्याबाई जात्यावर ओव्या म्हणायला लागल्या होत्या. हे इंग्रजीत अर्ज लिहीत होते. आप्पा आले की हे अजूनही बघतोयच म्हणायचे, पण त्या शब्दाचा सूर बदलला होता. आप्पांना मात्र तो ऐकू आला नाही. आणि मी रोज सकाळी झाडांपाशी जायची. ती झाडं आता मला दुष्टपणानं वाळवलेली वाटत नव्हती. मी त्यांना मनात म्हणायची, थोडं सोसा.

बहार भरगच्च यायला हवा होता, म्हणून मामंजींनी ताण लांबवला. पानं गळून फांद्या उघड्या पडल्या. शेजारच्या मळ्यातले तात्या बांधावरून म्हणाले, आबा, आता पानी सोडा, झाडं हातची जात्याल. मामंजी म्हणाले, सोडतो. पण सोडलं नाही. ते रोज फांदीला नखानं खरवडून बघायचे. साल हिरवी असेपर्यंत झाड जिवंत. एक दिवस त्यांनी खताच्या पाट्या बुंध्यांशी आणून ठेवल्या. उद्या मुळ्या झाकायच्या आणि पाणी द्यायचं, असं आत्याबाईंना म्हणाले.

त्या दुपारी दक्षिणेकडून ढग आले. थंडीत असे ढग अधूनमधून येतात आणि फिरकून निघून जातात. आम्ही अंगणात वाळवण घातलं होतं ते गोळा केलं एवढंच. मग वारा थांबला. आणि दिवस मावळायच्या आत पाऊस सुरू झाला. वादळ नाही, गडगडाट नाही. शांत, सारखा, भरपूर. सगळी रात्र पडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

गावात लोक खूश होते. रानात ज्वारीचा शाळू उभा होता, त्याला जीव आला. ज्यांची बाग नव्हती अशी माणसं एकमेकांना म्हणत होती, देवानं ऐकलं. मामंजी पावसात बागेत उभे होते. डोक्यावर घोंगडं नव्हतं, हातात काही नव्हतं. उघड्या मुळ्यांवर पाणी पडत होतं आणि ते बघत होते. आत्याबाई दारातून हाका मारत होत्या. हे गेले आणि त्यांना हाताला धरून घेऊन आले.

मला वाटलं होतं, पाणीच तर हवं होतं, मग पाऊस काय आणि पाट काय. पण झाडाला अंगावर, फांदीफांदीवर असं आभाळाचं गार पाणी मिळालं, वर आणखी काही दिवस ढगाळ हवा राहिली, की ते फुलायचं विसरतं. महिना संपता संपता बाग हिरवीगार झाली. इतकी कोवळी, तुकतुकीत पालवी मी नंतरही क्वचित बघितली. वाटेनं जाणारी माणसं म्हणायची, काय झाक बाग दिसतीया. फूल कुठं तरी एखादं. पुण्याचा बागवान आला, बांधावरूनच बघून, चहा पिऊन निघून गेला. मामंजी एवढंच म्हणाले, "पाला आला. नुसता पाला."

आज नात विचारते, आजी, तुला एवढा हिरवा रंग का आवडत नाही गं?

त्यानंतर यांनी लंडनचा अर्ज भरला. ते पातळ पुस्तक परत तळाशी गेलं. आप्पा आले, त्यांना कळलं, त्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली आणि गावात पेढे वाटले. हे उभे होते, आणि हसत होते तोंड मिटून, पण नाकातून आवाज येत नव्हता.

मी एकदा प्रयत्न केला. आप्पांना पाणी द्यायला गेले तेव्हा ते एकटे होते. मी म्हणाले, मी इथंच राहिले तर? ते इतक्या मायेनं हसले. "येडी का काय? तू माझ्यापाशी असलीस म्हंजे त्याचा पाय तिकडं रुतायचा न्हाय. पोरी, मी तुझ्यासाठीच करतोय हे समदं." आणि त्यांचं ते खरंच होतं. तेव्हा मला कळलं की यातून सुटायला दार नाही. जिथं भिंत आहे तिथं माणूस डोकं आपटून घेतो. इथं तर सगळीकडं मऊ होतं.

गेल्या काही वर्षांत मला लोक विचारतात, मग पुढं काय झालं? पुढं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. हे लंडनला शिकले, चांगलं शिकले. लढाई पेटायच्या आधी परत आले. बारामतीच्या स्टेशनवर आप्पा हार घेऊन उभे होते. यांनी हार घातलेल्या गळ्यानं आप्पांच्या पाया पडून मुक्काम न करता पहिली मोटार पकडली आणि ते बावड्याला आले. आप्पांना शब्द दिला होता तो यांनी पाळला. मुंबईत मोठ्या बँकेत बसले, वर चढत गेले. आम्ही चांगले राहिलो. मुलं झाली, शिकली. आप्पांनी शेवटी कधीतरी यांना विचारलं होतं, मग भाव ठरवतो तरी कोन? हे म्हणाले, आप्पा, तिकडं पण प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

त्या गिरणगावाबद्दल हे एकदाच बोलले. एका सुट्टीच्या दिवशी हे आगगाडीनं तिकडं गेले होते. विद्यापीठाच्या फाटकाशी उभे राहिले. धूर होता, भुरभुर पाऊस होता, आतून कुणी भेटणार नव्हतं. तासभर उभे राहून परत आले. का गेलात, मी विचारलं. म्हणाले, कसं दिसतं ते बघायला. आणि विषय बदलला.

पण माझ्या मनात राहिला आहे तो हे गेले तो दिवस. भाद्रपद होता. बारामतीहून लहान रुळांची गाडी दौंडला जायची, तिथून पुढं मुंबई, तिथून बोट. स्टेशनवर निम्मी बारामती आली होती. यांच्या अंगावर नवा कोट, गळ्यात हारांचा भार. आप्पा सगळ्यांना सांगत होते, लंडनला चाललेत, बँकेचं शिकायला. मामंजी एका खांबाशी फेटा हातात घेऊन उभे होते, जसे दुसऱ्याच्या कार्याला आलेले असावेत. आत्याबाई घरीच राहिल्या होत्या. माझी पेटी आप्पांच्या टांग्यात आधीच चढवलेली होती. गाडी सुटली. यांनी खिडकीतून आधी मामंजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हात वर केला नाही. एवढ्या लोकांत तो वर होईना.

लोक पांगले. आप्पा टांग्याकडं चालायला लागले आणि मला म्हणाले, चल. इंदापूरकडं जाणारी मोटार समोर उभी होती, मामंजी तिकडं निघाले होते. मी दोन पावलं आप्पांच्या मागं गेले. मग माझे पाय थांबले. आधी काही ठरवलं होतं असं नाही. मी लंडन बदलू शकत नव्हते, पाऊस बदलू शकत नव्हते, दिलेला शब्दही बदलू शकत नव्हते. पण मी कुठल्या घरात बसून वाट बघायची, एवढं तरी माझं असायला हवं होतं.

मी म्हणाले, "आप्पा, माझी पेटी उतरवा. मी मामंजींबरोबर जाते."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, आन् ठरलेलं?

"ते तुमच्यात ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं."

टांगेवाला बघत होता, अजून काही माणसं बघत होती. आप्पांचा चेहरा असा झाला, जसं कुणी भर बाजारात त्यांच्या डोक्यावरचा पटका ओढावा. हे अजून दौंडलाही पोचले नव्हते. आप्पांनी हात आखडला तर परक्या मुलखात यांचं काय, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. आला, आणि तरी मी तिथंच उभी राहिले. पुढं आप्पांनी वर्षभर आमच्या घरी पाऊल ठेवलं नाही, पण लंडनला पैसे एकदाही चुकले नाहीत. आणि लोकांना त्यांनी सांगितलं, मीच म्हटलं, सासरी राहू दे पोरीला.

त्या क्षणी मात्र पेटी कुणी उतरवेना. मग मामंजी मोटारीपासून परत आले. आप्पांच्या समोरून गेले, टांग्यातून पेटी उचलली, खांद्यावर घेतली आणि मोटारीच्या टपावर चढवून दिली. खाली उतरून त्यांनी धोतराला हात पुसले, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"सूनबाई, खिडकीकडंला बस. वारं लागंल."

मी बसले. मामंजी माझ्या पलीकडं, मध्ये एक गाठोडं ठेवून बसले. ड्रायव्हर यंत्र सुरू करायला पुढं हँडल फिरवत होता. आप्पा टांग्यापासून हलले, चालत मोटारीपाशी आले आणि माझ्या खिडकीखाली उभे राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. हँडल फिरवून घाम पुसत उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरला ते म्हणाले, "कन्हेरीच्या पुढं रस्ता वाहून गेलाय. सावकाश ने रं. माझी पोर हाय आत."